हृदयझडप प्रतिस्थापनातील प्रतिमादर्शन

हृदयझडप प्रतिस्थापनातील प्रतिमादर्शन : रोगामुळे निकामी झालेल्या हृदयाच्या झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविताना, झडपेची निवड, तिच्या जागेचे मापन, तेथवर जाण्याचा मार्ग आणि बसविल्यानंतरची तिची स्थिती या गोष्टी क्ष-किरण, श्राव्यातीत ध्वनी (मानवी कानाला ऐकू न येणारा, उच्च कंप्रतेचा ध्वनी) इ. साधनांनी मिळविलेल्या प्रतिमांवरून ठरविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत झडप शस्त्रवैद्याला डोळ्यांनी दिसते, बोटांनी चाचपता येते आणि रोगट दले कापून काढल्यावर वलयात निरनिराळ्या मापांचे मापक घालून योग्य माप तेथल्या तेथे ठरविता येते. मांडीतील रोहिणीतून बारीक नळी म्हणजे कॅथेटर घालून झडप बसविताना यांपैकी काहीही शक्य नसते. हृदय धडधडत असते, रोगट झडप जागेवरच राहते आणि नवी झडप एकदा उघडली म्हणजे बहुधा परत काढता येत नाही. त्यामुळे डोळा, बोट व मापक या तिन्हींचे काम प्रतिमेला करावे लागते आणि प्रतिमेतील २–३ मिमी.ची चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महारोहिणी झडपेचा विचार केला आहे. कारण कॅथेटरमार्गे प्रतिस्थापनाचा अनुभव तिच्याच बाबतीत सर्वाधिक आहे.

महारोहिणी झडप डावे निलय आणि महारोहिणी (हृदयातून सर्व शरीरास शुद्ध रक्त नेणारी मुख्य रोहिणी) यांच्या दरम्यान असते. तिला अर्धचंद्राकार तीन दले असतात. प्रत्येक दलामागे महारोहिणीच्या भित्तीला एक फुगीर कोटर असते व तीनपैकी दोन कोटरांतून हृद्‌रोहिण्या (हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या) निघतात. ‘वलय’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. तिन्ही दलांच्या सर्वांत खालच्या बिंदूंतून जाणारे एक काल्पनिक प्रतल मानले, तर त्या पातळीवरील पोकळीच्या कडेला वलय म्हणतात. शरीरात कडे किंवा अंगठी अशी कोणतीही वस्तू तेथे नसते. शिवाय ही कड वर्तुळाकार नसून बहुधा लंबवर्तुळाकार असते. या दोन गोष्टींचा पूर्ण उलगडा होण्यास बराच काळ जावा लागला आणि पुढे वर्णिलेल्या अनेक अडचणींचे मूळ त्यांतच आहे.

उतारवयात दलांवर कॅल्शियमाचे थर साचून ती ताठ होतात व झडपेचे तोंड अरुंद होत जाते. निरोगी प्रौढात हे तोंड ३ ते ४ चौ. सेंमी. असते, ते १ चौ. सेंमी.पेक्षा कमी झाले म्हणजे संकोच तीव्र समजतात. रुग्णास कित्येक वर्षे काहीच जाणवत नाही; परंतु लक्षणे दिसू लागल्यावर परिस्थिती झपाट्याने बिघडते. जॉन रॉस व यूजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये दाखविल्याप्रमाणे शस्त्रक्रिया न झाल्यास छातीतील कळ सुरू झाल्यापासून सु. ५, मूर्च्छा येऊ लागल्यापासून सु. ३ व हृदय दुर्बल होऊन दम लागू लागल्यापासून सु. २ वर्षे एवढेच सरासरी आयुष्य उरते. या विकारावर गुणकारी औषध नाही. भारतात याच्या जोडीला संधिज्वरजन्य (घशातील मालागोलाणूंच्या संसर्गानंतर उद्‌भवणाऱ्या ज्वरामुळे होणारा) झडपविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो तरुण वयात होतो, प्रामुख्याने द्विदली झडपेस ग्रासतो व त्याचे उपचार काहीसे वेगळे आहेत.

इतिहास : हृदयाच्या झडपेवरील पहिल्या प्रयत्नांत दृष्टीला थारा नव्हता. १९२५ मध्ये लंडन येथे हेन्री सूटार यांनी एका तरुणीच्या डाव्या अलिंदातून बोट घालून द्विदली झडप चाचपली व तिचे तोंड रुंद केले. सर्व काम स्पर्शावरच झाले. जॉन गिबन यांच्या हृद्‌-फुप्फुस यंत्रामुळे (१९५३) हृदय उघडून त्याच्या आत पाहता येऊ लागले. १९६० मध्ये ड्वाइट हार्कन यांनी महारोहिणी झडपेच्या आणि ॲल्बर्ट स्टार यांनी, लोवेल एडवर्ड्‌झ या अभियंत्यांच्या साहाय्याने, द्विदली झडपेच्या जागी कृत्रिम झडपा यशस्वीपणे बसविल्या.

प्रतिमादर्शनाची वाटचाल याच काळात पण स्वतंत्रपणे चालू होती. व्हेर्नर फोर्समान या जर्मन वैद्यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या दंडातील नीलेतून नळी हृदयापर्यंत सरकवून ती क्ष-किरण चित्रात दाखविली. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्‌स यांनी ऑक्टोबर १९५३ मध्ये श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून हृदयाच्या हालचालींचे पहिले आलेखन केले. हर्ट्‌स यांनी त्याआधी माल्म येथील जहाजबांधणी कारखान्यातून धातूमधील तडे शोधण्याचे एक उपकरण उसने आणून ते स्वतःच्या छातीवर लावून पाहिले होते. जहाजाच्या पत्र्यातील दोष शोधणारे उपकरण हृदयाची झडप पाहण्याच्या कामी यावे, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक लक्षणीय घटना होय. गॉडफ्री हौन्सफील्ड यांनी विकसित केलेले, सीटी स्कॅन या नावाने सर्वपरिचित असलेले संगणकीय छेदचित्रण १९७१–७२ मध्ये प्रथम मेंदूसाठी वापरले गेले. धडधडत्या हृदयाच्या स्पष्ट प्रतिमा मिळण्याइतका वेग त्यास येण्यासाठी २००० नंतरचे दशक उजाडावे लागले.

हे दोन्ही प्रवाह फ्रान्समधील रूआं येथे १६ एप्रिल २००२ रोजी एकत्र आले. अलँ क्रिबिये यांनी, शस्त्रक्रियेस नकार मिळालेल्या ५७ वर्षे वयाच्या एका अत्यवस्थ रुग्णाच्या महारोहिणी झडपेच्या जागी कॅथेटरमार्गे कृत्रिम झडप बसविली. झडप उत्तम चालली. मात्र रुग्ण सु. चार महिन्यांनी हृदयेतर कारणांनी दगावला. डेन्मार्कमधील हेनिंग रूड आंडर्सन यांनी डुकरांवर केलेले यासारखे प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले होते व फिलिप बॉन्होफर यांनी २००० मध्ये फुप्फुस-रोहिणीच्या झडपेबाबत असेच यश मिळविले होते. क्रिबिये यांच्या हाती मार्गदर्शनासाठी मुख्यतः फ्ल्युओरोस्कोपी म्हणजे क्ष-किरणांचे चलत्‌चित्र होते. त्यात मऊ ऊतके दिसत नाहीत. झडपेचा ठाव लागला, तो तिच्यावर साचलेल्या कॅल्शियमाच्या सावलीवरून. रोगानेच जणू स्वतःची खूण करून ठेवली होती.

निदान व तीव्रतेचे मापन : पहिली तपासणी प्रतिध्वनी-हृद्‌लेखनाची असते, रुग्णालयात तिलाच ‘इको’ म्हणतात. छातीवर ठेवलेल्या शोधकातून निघालेले ध्वनितरंग हृदयाच्या निरनिराळ्या थरांवरून परावर्तित होतात व त्यांपासून हलती प्रतिमा तयार होते. डॉप्लर परिणामामुळे रक्ताचा वेगही मोजता येतो. अरुंद तोंडातून जाताना रक्ताचा वेग वाढतो आणि त्यावरून झडपेच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरक काढता येतो. वेग मी./से. मध्ये घेऊन त्याच्या वर्गाची चौपट केली असता हा फरक पाऱ्याच्या मिमी.मध्ये मिळतो. उदा., वेग ४ मी./से. असल्यास दाबातील महत्तम फरक ४ × ४ × ४ = ६४ मिमी. होतो. वेग ४ मी./से. किंवा अधिक अथवा सरासरी दाबफरक ४० मिमी. किंवा अधिक असल्यास संकोच तीव्र मानतात. १९७० नंतरच्या दशकात नॉर्वेतील लीव्ह हॉटले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत रूढ केल्यावर दाब मोजण्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या हृदयात नळी घालण्याची गरज उरली नाही.

या गणितात एक खाच आहे. हृदयाचा स्नायूच दुर्बल झाला असेल, तर झडप अतिशय अरुंद असूनही रक्त जोराने फेकले जात नाही आणि दाबफरक भ्रामकरीत्या कमी भरतो. असे रुग्ण ‘सौम्य’ ठरून मागे पडण्याचा धोका असतो व उपचाराची निकड तर त्यांनाच अधिक असते. अशा वेळी छेदचित्रणाने झडपेवरील कॅल्शियम मोजतात. ॲगॅटस्टन यांच्या परिमाणात ते पुरुषांत सु. २,००० व स्त्रियांत सु. १,२०० पेक्षा जास्त भरल्यास संकोच तीव्र असण्याचा संभव बराच असतो. स्त्रियांत तुलनेने कमी कॅल्शियमानेही तेवढाच संकोच होतो, ही गोष्ट या मापनामुळेच ठळकपणे पुढे आली.

वलयाचे मापन : संपूर्ण क्रियेचा हा कळीचा भाग होय. प्रारंभीच्या काळात वलयाचा व्यास इकोवरील द्विमितीय प्रतिमेत मोजीत व वलय वर्तुळाकार आहे असे गृहीत धरीत. परंतु नेहमीच्या दृश्यात सापडणारा व्यास हा बहुधा लंबवर्तुळाच्या लहान अक्षाच्या जवळपासचा असतो. एक उदाहरण घेऊ. वलयाचे अक्ष २१ मिमी. व २७ मिमी. आहेत असे समजू. इकोवर २१ मिमी. एवढेच दिसले, तर वर्तुळ धरून क्षेत्रफळ सु. ३४६ चौ. मिमी. येईल, खरे क्षेत्रफळ मात्र सु. ४४५ चौ. मिमी. आहे. पहिल्या आकड्यावर विसंबून २३ मिमी.ची झडप निवडली, तर तिचे क्षेत्रफळ सु. ४१५ चौ. मिमी. म्हणजे खऱ्या वलयापेक्षा कमी पडते. झडप आणि भित्ती यांच्यामध्ये फट राहते, तीतून रक्त निलयात परत गळते आणि झडप निसटण्याचीही भीती असते. त्यापुढील २६ मिमी.च्या झडपेचे क्षेत्रफळ सु. ५३१ चौ. मिमी. म्हणजे वलयापेक्षा १९ टक्क्यांनी अधिक असते. झडप किंचित मोठी असणे इष्टच असते. तथापि फुग्याने उघडावयाच्या झडपेच्या बाबतीत हे आधिक्य २० टक्क्यांच्या वर गेल्यास व वलयाच्या खाली कॅल्शियमाचे खडे असल्यास वलय फाटण्याचा धोका वाढतो. वलय फाटणे विरळा घडते. पण घडल्यास बहुधा प्राणघातक ठरते. म्हणून अशा रुग्णात मोठी झडप घेऊन फुगा थोडा कमी भरणे, की धातूच्या स्वयंविस्तारी जाळीची झडप घेणे, याचा निर्णय खड्यांची नेमकी जागा पाहून करावा लागतो. सर्व खटाटोप २१ आणि २७ या दोन आकड्यांभोवती फिरतो हे यावरून दिसून येईल.

हे दोन्ही अक्ष छेदचित्रणात एकाच वेळी मिळतात. आयोडीनयुक्त अपारदर्शी द्रव नीलेतून देऊन, हृद्‌-विद्युत्‌ आलेखाशी मेळ घालून, एक मिमी.पेक्षा कमी जाडीचे छेद घेतात. नंतर संगणकावर तिन्ही दलांचे तळबिंदू निश्चित करून त्यांतून जाणारे प्रतल काढतात व त्यावर क्षेत्रफळ आणि परिमिती मोजतात. हृदयाच्या आकुंचनकाळात वलय सामान्यतः किंचित मोठे होते, म्हणून मापन त्या अवस्थेतील प्रतिमेवर करतात. तळबिंदू एकदोन मिमी. वरखाली धरला गेला तरी प्रतल तिरके होते व माप बदलते. यंत्र कितीही अचूक असले, तरी बिंदू माणूसच ठरवितो. संगणकाने आपोआप काढलेले मापही अनुभवी डोळ्याखालून जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मापनाचे महत्त्व चाचण्यांच्या निष्कर्षांतून दिसते. शस्त्रक्रिया करणे शक्य नाही असे ठरलेल्या रुग्णांवरील ‘पार्टनर’ चाचणीत (२०१०) कॅथेटरमार्गे झडप बसविलेल्यांपैकी ३०·७ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ५०·७ टक्के रुग्ण एका वर्षात मरण पावले. फरक मोठा होता. पण बसविलेल्या झडपेच्या कडेने मध्यम वा तीव्र गळती सु. १२ टक्के रुग्णांत आढळली. त्या वेळी मापे इकोवर आधारलेली होती. कमी धोक्याच्या रुग्णांवरील २०१९ च्या चाचणीत ही गळती एक टक्क्याहूनही कमी झाली. यात छेदचित्रणाचे श्रेय किती व दरम्यान झडपेच्या बाहेरून आलेल्या कापडी आवरणाचे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

छेदचित्रणात आणखी दोन गोष्टी आवर्जून पाहतात. नवी झडप उघडताना जुनी दले बाजूला रेटली जातात. हृद्‌रोहिणीचे मुख वलयापासून १०–१२ मिमी.पेक्षा कमी उंचीवर असेल व कोटर अरुंद असेल, तर दल त्या मुखावर बसून रक्तपुरवठा बंद पडू शकतो. शंभरात एकाहून कमी रुग्णांत असे घडते, परंतु घडल्यास त्यांपैकी बरेच रुग्ण दगावतात. दुसरी गोष्ट म्हणजे मार्ग. सुरुवातीच्या झडपांसाठी ८ मिमी.च्या आसपास व्यासाची नळी लागे. आता बहुतेक रुग्णांत सु. ५·५ मिमी. व्यासाची रोहिणी पुरते. रोहिणी याहून बारीक, फार वेडीवाकडी किंवा कॅल्शियमाने कडक झालेली असल्यास मानेतील वा गळपट्टीखालील रोहिणीचा मार्ग निवडतात.

प्रत्यक्ष क्रिया : क्रिया फ्ल्युओरोस्कोपीच्या साहाय्याने चालते. ही प्रतिमा म्हणजे सावली होय. तिला खोली नसते. क्ष-किरण नलिकेचा कोन बदलला की सावलीतील अंतरेही बदलतात. म्हणून तिन्ही कोटरांचे तळ एका सरळ रेषेत दिसतील असा कोन शोधावा लागतो. तो साधला की वलय आडव्या रेषेसारखे दिसते आणि झडपेची खोली खरी कळते. पूर्वी हा कोन मिळेपर्यंत अपारदर्शी द्रव पुनःपुन्हा सोडावा लागे व वृद्ध रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्याचा त्रास होई. आता तो छेदचित्रणावरून आदल्या दिवशीच काढून ठेवतात.

अरुंद झडपेतून मार्गदर्शक तार निलयात नेऊन तिच्यावरून मिटलेली झडप वर सरकवितात. ही झडप गाय किंवा डुकराच्या परिहृदयाची (हृदयाभोवतीच्या आवरणाची) दले धातूच्या जाळीत शिवून केलेली असते. फुग्याने उघडावयाची झडप असल्यास हृदयाचे ठोके विद्युत्‌ संकेताने मिनिटाला १८० ते २०० पर्यंत वाढवितात. त्यामुळे काही सेकंद रक्तप्रवाह जवळजवळ थांबतो, झडप प्रवाहाबरोबर वाहून जात नाही आणि तेवढ्या अवधीत फुगा फुगवून ती बसवितात. स्वयंविस्तारी झडप हळूहळू उघडते व मनासारखी न बसल्यास पूर्ण सुटण्यापूर्वी पुन्हा मिटविता येते. तिचे खालचे टोक वलयाखाली सु. ३ मिमी. असावे असा प्रयत्न असतो. ती फार खोल गेल्यास निलयांमधील पटलातून जाणाऱ्या संवाहक तंतूंवर (हृदयाच्या ठोक्याचा विद्युत्‌ संदेश नेणाऱ्या तंतूंवर) दाब पडतो आणि रुग्णास कायमचा पेसमेकर बसवावा लागण्याची शक्यता वाढते; फार वर राहिल्यास ती महारोहिणीत निसटते.

झडप उघडताच इकोने दले हलतात का, गळती कोठे व किती आहे, हृदयाभोवती रक्त साचत नाही ना, हे पाहतात. येथे इकोची उणीव जाणवते. धातू व कॅल्शियम यांच्यामागे ध्वनिछाया पडते आणि छायेतील गळती दिसत नाही. उलट छेदचित्रणात कॅल्शियमाचा खडा प्रत्यक्षाहून मोठा भासतो, तर फ्ल्युओरोस्कोपीत भित्ती दिसतच नाही. प्रत्येक साधन आपापल्या परीने चकविते. मात्र एकाची फसगत दुसऱ्याकडून उघडकीस येते, म्हणून महारोहिणीतील दाब आणि दोन प्रकारच्या प्रतिमा यांचा मेळ बसल्याखेरीज तार बाहेर काढीत नाहीत.

द्विदली झडप : येथील अडचणी निराळ्या आहेत. हे वलय मोठे, इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे व खोगिरासारखे वाकलेले असते. त्यात नवी झडप बसविल्यास पुढचे दल निलयाच्या बहिर्मार्गात ढकलले जाऊन तो अरुंद होऊ शकतो. म्हणून छेदचित्रणावर काल्पनिक झडप ठेवून किती वाट उरेल हे संगणकावर आधीच मोजतात. प्रत्यक्ष क्रियेत अन्ननलिकेत शोधक घालून केलेला इको मुख्य वाटाड्या असतो, कारण अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या थेट मागे असते. संधिज्वरजन्य विकारात वलयावर झडपेला घट्ट धरून ठेवणारे कॅल्शियम अनेकदा नसते. त्यामुळे भारतातील अशा तरुण रुग्णांत कॅथेटरमार्गे नवी झडप बसविण्याऐवजी, जपानमधील कांजी इनोऊ यांनी १९८२ मध्ये प्रथम वापरलेल्या फुग्याने जुनीच झडप रुंद करतात आणि ते शक्य नसल्यास छाती उघडून यांत्रिक झडप बसवितात. फुगा वापरता येईल की नाही, हेही दलांची जाडी, लवचीकपणा व अलिंदातील रक्ताची गुठळी इकोवर पाहूनच ठरते.

पुढील देखरेख : बसविलेल्या झडपेची तपासणी आयुष्यभर करावी लागते. यांत्रिक झडपेची चकती रक्ताच्या गुठळीने अडकली, तर सामान्यतः फ्ल्युओरोस्कोपीत तिची हालचाल थांबलेली दिसते. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेल्या व डिसेंबर १९९० मध्ये प्रथम मानवी शरीरात बसविलेल्या भारतीय झडपेची चकती मात्र पॉलिएथिलिनाची असल्याने क्ष-किरणांत दिसत नाही. तेथे मुख्यतः इकोवरच भिस्त ठेवावी लागते. अशा झडपेच्या रुग्णाने आपल्या झडपेचा प्रकार नोंदविलेले कार्ड जवळ बाळगावे, कारण निकडीच्या वेळी ही माहिती नसल्यास तपासनीस न दिसणारी चकती शोधीत बसतो. कॅथेटरमार्गे बसविलेल्या ऊतक-झडपांच्या दलांवर गुठळीचा पातळ थर साचतो, हे २०१५ मध्ये छेदचित्रणाने प्रथम मोठ्या प्रमाणावर लक्षात आले. अशा बऱ्याच रुग्णांस कोणताही त्रास नसतो व रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या औषधांनी हा थर बहुधा विरतो.

ऊतक-झडप काही वर्षांनी झिजते. तिच्या आत दुसरी झडप कॅथेटरमार्गे बसविता येते आणि पहिलीची धातूची कड क्ष-किरणांत स्पष्ट दिसत असल्याने या वेळी जागा शोधणे सोपे जाते. पण पहिलीची दले आता वर उचलली जाऊन जाळीला चिकटतात व एखाद्या नळीसारखी भिंत तयार होते. हृद्‌रोहिण्यांची मुखे त्या भिंतीआड जाऊ शकतात. म्हणून वयाने तुलनेने लहान असलेल्या रुग्णांत पहिली झडप बसविण्यापूर्वीच, पंधरा-वीस वर्षांनी लागणाऱ्या दुसऱ्या झडपेसाठी जागा उरेल की नाही, हे पहिल्याच छेदचित्रणावर मोजून ठेवण्याची प्रथा पडू लागली आहे.